पॉइंट गार्ड म्हणजे पॉइंट काढणारा?

"दादा, पॉइंट गार्ड म्हणजे पॉइंट काढणारा ना?"

मनीषनगरात आमच्या ले-आउटच्या मैदानात बास्केटबॉलची एक रिंग आहे. जाळी कधीच गेली, बोर्डाचा एक कोपरा तुटलाय, खालचं सिमेंट उन्हाळ्यात सकाळी आठनंतर पाय ठेवू देत नाही. रविवारी सकाळी मी तिथे सात-आठ पोरांबरोबर खेळतो. प्रश्न विचारणारा त्यांच्यातला एक, वय अकरा. अंगात सीताबर्डीवरून आणलेली स्टीफन करीच्या नावाची ३० नंबरची जर्सी. बॉल हातात आला की तो तडक थ्रीच्या रेषेपर्यंत जातो आणि तिथून रिंगच्या दिशेने भिरकावतो. करी असंच करतो, असं त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, "नाही रे, हा पॉइंट म्हणजे गुण नाही. टोक. सगळ्यांच्या पुढे टोकावर उभा राहून खेळ सुरू करणारा."

"मग तो काय करतो?"

"ठरवतो."

"काय?"

"कोणी टाकायचं ते."

त्याने क्षणभर विचार केला. "मग मी ठरवलं ना. मीच टाकायचं."

मला हसू आलं, पण उत्तर सुचलं नाही. इंजिनीअरिंगची चार वर्षं कॉलेजच्या संघाचा पॉइंट गार्ड म्हणून मीही हेच ठरवत होतो आणि त्याबद्दल मला कपही मिळाले होते. त्या रविवारनंतर हा प्रश्न डोक्यातून जाईना. टाकणारा पॉइंट गार्ड चांगला की देणारा? बास्केटबॉल पाहणाऱ्यांत हा वाद आपल्याकडच्या गावस्कर-तेंडुलकर वादाइतकाच जुना आणि तितकाच न संपणारा आहे. मला वाटतं, तो संपत नाही कारण दोन्ही बाजू चुकीची गोष्ट मोजतात.

*

ज्यांचा या खेळाशी संबंध शाळेतल्या पीटीच्या तासापुरता आला, त्यांच्यासाठी थोडी उजळणी. आंतरराष्ट्रीय मापाचं कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. एका बाजूला पाच खेळाडू. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर. बॉल ताब्यात आला की २४ सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो, नाहीतर बॉल समोरच्यांचा. या २४ सेकंदांचं काय करायचं हे ज्याच्या हातात असतं तो पॉइंट गार्ड. बहुतेकदा संघातला सगळ्यात बुटका. बॉल तो वर आणतो, कोण कुठे उभा आहे ते बघतो आणि चाल सुरू करतो. ज्या पासवर समोरचा लगेच बास्केट करतो, त्या पासला 'असिस्ट' म्हणतात.

या जागेवर दोन घराणी आहेत. पहिलं वाढणाऱ्यांचं. पंगतीत वाढपी जसा कोणाच्या पानात काय संपलंय हे चालता चालता बघतो, तसं यांचं लक्ष सतत बाकीच्या चौघांवर. या घराण्याचा आदिपुरुष नसला तरी सगळ्यात शुद्ध गायकीचा माणूस म्हणजे जॉन स्टॉकटन. युटा जॅझ या एकाच संघाकडून १९ वर्षं खेळला आणि कारकिर्दीत त्याने १५,८०६ असिस्ट दिले. हा विक्रम आजही उभा आहे आणि त्याच्या जवळपासही कोणी नाही. स्वतःचे गुण सामन्याला सरासरी १३.१. कार्ल मलोनच्या गुणांमागे बहुतेक वेळा स्टॉकटनचा हात होता.

दुसरं घराणं टाकणाऱ्यांचं. त्याचा सगळ्यात लाडका चेहरा ॲलन आयव्हरसन. उंची कशीबशी १.८३ मीटर, पण रिंगखाली उभ्या असलेल्या दोन मीटरच्या माणसांमधून घुसून बास्केट करणारा. चार वेळा तो एनबीएमध्ये सर्वाधिक सरासरीने गुण काढणारा खेळाडू होता आणि २००१ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्या वर्षी त्याची सरासरी होती ३१.१.

पण आयव्हरसनच्या गोष्टीत एक मेख आहे. तो लीगमध्ये आला तेव्हा पॉइंट गार्डच होता. लॅरी ब्राउन प्रशिक्षक म्हणून फिलाडेल्फियात आले आणि त्यांनी काही काळाने त्याला त्या जागेवरून हलवलं. बॉल वर आणायचं काम एरिक स्नो नावाच्या साध्या, कष्टाळू गार्डकडे दिलं आणि आयव्हरसनला सांगितलं, तू फक्त टाक. त्यानंतर तो पहिल्यांदा लीगचा अव्वल गुणवीर झाला आणि २००१ मध्ये संघ अंतिम फेरीत पोचला. म्हणजे टाकणाऱ्या घराण्याचा हा महानायक महान झाला तो पॉइंट गार्डची जागा सोडून. ब्राउन यांनी ठरवणं आणि टाकणं ही दोन कामं दोन माणसांत वाटून दिली. माझ्या करीवाल्या दोस्ताला मी खरं तर हे सांगायला हवं होतं.

*

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. दोन पर्यायांपैकी कोणता बरा हे कळत नसेल तर आमच्यात एक सरळ पद्धत आहे. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि फरक बघायचा. खेळात असं सहसा करता येत नाही. पण २००१ च्या उन्हाळ्यात एनबीएने हा प्रयोग जवळजवळ तंतोतंत करून दाखवला.

न्यू जर्सी नेट्सचा पॉइंट गार्ड स्टीफन मार्बरी. टाकणारा. २०००-०१ च्या हंगामात सरासरी २३.९ गुण, ७.६ असिस्ट. फीनिक्स सन्सचा पॉइंट गार्ड जेसन किड. वाढणारा. दोन संघांनी या दोघांची अदलाबदल केली. पुढच्या हंगामात किडचे नेट्ससाठी गुण १४.७, म्हणजे मार्बरीपेक्षा सामन्याला नऊने कमी. असिस्ट ९.९.

नेट्स आदल्या वर्षी ८२ पैकी २६ सामने जिंकले होते. किड आल्यावर ५२ जिंकले आणि थेट अंतिम फेरीत गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही गेले. तिकडे फीनिक्स ५१ विजयांवरून ३६ वर आलं.

गोष्ट इथे थांबत नाही. जानेवारी २००४ मध्ये फीनिक्सनेही मार्बरीला न्यू यॉर्ककडे पाठवलं. तो हंगाम २९ विजयांवर संपला. उन्हाळ्यात त्यांनी स्टीव्ह नॅशला आणलं. नॅश वाढणाऱ्या घराण्यातला, सामन्याला ११.५ असिस्ट. फीनिक्सचे विजय २९ वरून ६२ झाले आणि १५.५ गुणांची सरासरी असलेला नॅश लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकाच माणसाच्या जागी दोन वेळा वाढपी आला आणि दोन्ही वेळा संघाचे विजय दुप्पट झाले.

कॉलेजात हे आकडे मला माहीत असते तर मी काय म्हटलं असतं तेही मला माहीत आहे. मी म्हटलं असतं, बाकी सगळं तसंच कुठे होतं? आणि ते बरोबरच आहे. मार्बरीच्या त्या वर्षी नेट्सचा केरी किटल्स गुडघ्याच्या दुखापतीने अख्खा हंगाम बाहेर होता, कीथ व्हॅन हॉर्नचे बरेच सामने बुडाले होते. किडच्या वर्षी ते दोघं परत आले आणि रिचर्ड जेफरसन नावाचा नवा, उड्या मारणारा पोरगा आला. फीनिक्सलाही नॅशच्या वर्षी अमारे स्टाउडमायर जवळपास पूर्ण हंगाम मिळाला. आमच्या भाषेत सांगायचं तर एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, त्यामुळे श्रेय कोणाचं हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

तरी त्या नेट्सचे जुने सामने बघताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. रिबाउंड किडच्या हातात येताच दोन्ही कडांनी किटल्स आणि जेफरसन, मधून केनियन मार्टिन, असे तिघं समोरच्या रिंगकडे जिवाच्या आकांताने धावत सुटतात. मागे वळून बघत नाहीत. बॉल येणार हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

हे धावणं कुठल्याही तक्त्यात नाही. पण माझ्या मते वादाचं उत्तर त्याच्यात आहे.

*

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. देणारा म्हणजे चांगला माणूस आणि टाकणारा म्हणजे स्वार्थी, हे समीकरण आपल्या संस्कारांना फार सोयीचं वाटतं. किडला फीनिक्सने सोडलं त्या वर्षी, जानेवारीत, पत्नीला मारल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली होती आणि पुढे त्याने गुन्हा कबूल केला होता. कोर्टवर इतरांचं इतकं बघणारा माणूस घरात तसाच असेल याची खात्री नाही. उलट ज्याला न्यू जर्सी, फीनिक्स, न्यू यॉर्क सगळ्यांनी ओवाळून टाकलं तो मार्बरी पुढे चीनमध्ये गेला, बीजिंगच्या संघाला त्याने २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली, आणि तिथल्या लोकांनी त्याचा पुतळा उभारला. पास हा दानधर्म नव्हे. तो खेळातला एक निर्णय आहे आणि त्याच्याकडे तसंच बघावं.

दुसरा गैरसमज असा की असिस्टचा आकडा मोठा म्हणजे खेळाडू वाढणारा. नेट 'टायनी' आर्किबाल्डने १९७२-७३ मध्ये सामन्याला ३४.० गुण काढले आणि ११.४ असिस्ट दिले. दोन्ही आकड्यांत तो लीगमध्ये पहिला. सरासरीचा हा दुहेरी मान एकाच हंगामात मिळवणारा दुसरा खेळाडू अजून झालेला नाही. म्हणजे दोन्ही घराणी एका देहात नांदत होती. त्याचा संघ ८२ पैकी ३६ सामने जिंकला आणि प्लेऑफपर्यंतही पोचला नाही. पुढे त्याच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला, एक हंगाम पूर्ण बुडाला, वेग गेला. नंतर बोस्टनमध्ये तो निम्म्याहून कमी गुण काढत होता, असिस्टही आठच्या आतच. आणि १९८१ मध्ये त्याच संघाबरोबर तो विजेता झाला. त्याच वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यात फक्त ९ गुण काढून तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

रसेल वेस्टब्रुकचं २०१६-१७ चं वर्ष आठवून बघा. गुण ३१.६, रिबाउंड १०.७, असिस्ट १०.४. सर्वोत्तम खेळाडूचा मान. संघ पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून ४-१ ने बाहेर. केविन ड्युरँट सोडून गेल्यावर एकट्याने संघ ओढला याबद्दल त्याला दाद द्यायलाच हवी. तो बाकावर बसला की संघ कोसळायचा. पण याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक, तो किती मोठा होता. दोन, त्याच्याशिवाय काय करायचं हे बाकीच्यांना कळेनासंच झालं होतं. प्रत्येक चाल त्याच्या हातात सुरू होऊन त्याच्या शॉटवर किंवा त्याच्या असिस्टवर संपायची. मधल्या काळात बाकीचे चौघं उभे.

आणि आता खुद्द करी. माझ्या छोट्या दोस्ताला वाटतं तसा तो टाकणारा आहेच. २०१५-१६ मध्ये त्याने ४०२ थ्री मारले. पण त्याच्या असिस्टकडे बघा. २०१३-१४ मध्ये सरासरी ८.५. पुढच्या वर्षी स्टीव्ह कर प्रशिक्षक म्हणून आले आणि ती ७.७ झाली. त्याच्या पुढच्या वर्षी ६.७. या तीन वर्षांत गोल्डन स्टेटचे विजय ५१, ६७ आणि ७३. असिस्ट कमी होत गेले आणि संघ सुधारत गेला! कारण कर यांनी त्याच्या हातातून बॉल काढून घेतला. करी पास देऊन मोकळा व्हायचा आणि बॉलशिवाय पळत राहायचा. हा कुठूनही टाकू शकतो या धास्तीने समोरचे दोन-दोन जण त्याच्या मागे जायचे आणि रिंगखाली दुसराच कोणी मोकळा सापडायचा. तो दुसरा बास्केट करायचा, असिस्ट ड्रेमंड ग्रीनच्या नावावर लागायचा. करीच्या नावावर काहीच नाही. टाकण्याच्या ताकदीवर वाढणारा असा पॉइंट गार्ड जुन्या दोन घराण्यांत कुठेच बसत नाही.

*

मग मोजायचं काय? आधी काय मोजलं जातं ते बघू.

पास दिला आणि समोरच्याने बास्केट केलं, तर असिस्ट. तोच पास, तीच जागा, पण समोरच्याचा शॉट रिंगला लागून बाहेर आला, तर काही नाही. समोरच्याला फाउल झाला आणि त्याने फ्री थ्रोवर गुण काढले, तर एनबीएत असिस्ट नाही, आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र आहे. म्हणजे तोच पास अमेरिकेत शून्य आणि बाकी जगात एक. ज्याने ज्याला पास दिला त्याने पुढे पास दिला आणि मग बास्केट झालं, तर पहिला माणूस तक्त्यातून गायब. २०१३ नंतर छताला बसवलेल्या कॅमेऱ्यांमुळे एनबीएत हे मागचे पासही मोजायला लागले, पण टीव्हीच्या पडद्यावर खाली जी पट्टी येते तिच्यात ते अजून नसतात.

आणखी एक आकडा विश्लेषकांना फार प्रिय आहे, 'युसेज रेट'. खेळाडू कोर्टवर असताना संघाचा खेळ किती टक्के त्याच्यातून गेला, असं त्याचं वर्णन करतात. मी पहिल्यांदा त्याचं सूत्र उघडून बघितलं तेव्हा चक्रावलो. त्यात तीन गोष्टी आहेत: घेतलेले शॉट, ०.४४ ने गुणलेले फ्री थ्रो आणि गमावलेले बॉल. पास नाहीत. असिस्टही नाहीत. सूत्राच्या लेखी बॉल 'वापरणं' म्हणजे एकतर टाकणं नाहीतर हरवणं.

माझ्या आधीच्या एका टीममध्ये दर महिन्याला असाच एक तक्ता यायचा. कोणी किती तिकिटं बंद केली त्याचा. तिकीट म्हणजे नेमून दिलेलं एक काम, एखादी चूक दुरुस्त करणं किंवा नवी सोय लिहिणं. आमची एक सीनियर ताई कायम त्या तक्त्याच्या तळाशी असायची. मी बहुधा वर. ताई दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचायची, अडलेल्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची, 'हे असं का केलंस?' एवढंच विचारायची. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि पुढच्या तीन महिन्यांत सगळ्यांची तिकिटं घटली. माझीही. ती परत आली तेव्हा कोणी तक्ता बदलला नाही, ती पुन्हा तळाशीच. तेव्हा मला त्यात काही खटकलंही नव्हतं.

*

अमेरिकेतली उदाहरणं पुष्कळ झाली. तिथल्या पॉइंट गार्डला चुकीचा निर्णय निभावून नेणारी दोन मीटरची माणसं शेजारी मिळतात. आपल्यासारख्या उंचीच्या देशांचं काय?

टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, जपानच्या महिलांनी उपांत्य फेरीत फ्रान्सला ८७-७१ असं हरवलं. त्या सामन्यात जपानची पॉइंट गार्ड रुई माचिदा हिने १८ असिस्ट दिले. ऑलिंपिकच्या एका सामन्यातला तो विक्रम. तिची उंची १.६२ मीटर. आपल्या धरमपेठेत, प्रतापनगरात रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही मुलीइतकी. जपानने रौप्य जिंकलं. मी तो सामना घरी लॅपटॉपवर बघितला होता आणि नंतर पुन्हा बघितला, तेव्हा माचिदाकडे न बघता बाकीच्या चौघींकडे बघितलं. एकही उभी नव्हती. एक कोपऱ्याकडे, दुसरी तिच्यासाठी आडोसा करायला, तिसरी रिंगखालून पलीकडे. माचिदा रिंगच्या दिशेने घुसायची आणि समोरच्या उंच मुली तिला अडवायला वळल्या की त्यांच्या पाठीमागे बॉल जाऊन पोचलेला असायचा.

आपल्या महिला संघाची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. पुण्याची शिरीन लिमये ही भारताची गार्ड, पुढे कर्णधारही. २०१७ मध्ये बेंगळुरूला आशिया कपच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ ने हरवलं आणि वरच्या गटात प्रवेश मिळवला, त्या संघात ती होती. तिच्यासारख्या खेळाडूकडून संघाला दोन्ही हवं असतं: गुणही आणि मांडणीही. वरच्या गटात जपान, चीन समोर असताना टाकणारी दुसरी कोणी सापडत नसेल, तर गार्डनेच टाकायचं हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणून मी टाकणाऱ्या गार्डला सरसकट दोष द्यायला तयार नाही. स्टॉकटननेसुद्धा १९९७ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या क्षणी स्वतः थ्री मारून युटाला पहिल्यांदा अंतिम फेरीत नेलं. टाकण्याची वेळ आली तेव्हा त्याने इकडेतिकडे बघितलं नाही.

तर माझी कसोटी अशी. पॉइंट गार्डने किती काढले, किती दिले हे बाजूला ठेवा. त्याच्या हातात बॉल असताना बाकीचे चौघं पळतात का, ते बघा. पळत असतील तर त्याने स्वतः तीस काढले तरी तो वाढणारा आहे. उभे असतील तर दहा असिस्ट देऊनही तो एकटाच खेळतोय.

*

ही कसोटी मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. ती सापडली माझ्याच एका व्हिडिओत.

शेवटच्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा उपांत्य सामना एका ज्युनिअरने मोबाइलवर शूट केला होता. आम्ही तो चार गुणांनी हरलो. संघाच्या निम्म्याहून जास्त गुण माझे होते आणि इतकी वर्षं माझ्या डोक्यात त्या सामन्याची गोष्ट ठरलेली होती: मी जीव तोडून खेळलो, बाकीच्यांनी साथ दिली नाही. करीवाल्या पोराच्या प्रश्नानंतर मी जुन्या हार्ड डिस्कमधून तो व्हिडिओ काढला. शेवटची दहा मिनिटं सलग होती. कागद घेऊन बसलो आणि मोजलं. बॉल वर आणला एकोणीस वेळा. त्यातल्या तेरा वेळा तो माझ्या हातातून फक्त रिंगकडे गेला.

हे अपेक्षितच होतं. मग मी व्हिडिओ पुन्हा लावला आणि दुसरा कागद घेतला. आमचा एक फॉरवर्ड होता, उंच, डाव्या हाताचा. फक्त त्याच्याकडे बघितलं. सुरुवातीला तो प्रत्येक वेळी डाव्या कडेने रिंगकडे पळतो आणि हात वर करतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी पळतो, पण हात वर करत नाही. सातव्या वेळेपासून कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. शेवटची तीन मिनिटं तो कमरेवर हात ठेवून उभा आहे. एकदा मी घुसलो तेव्हा माझ्या अंगावर तिघं आले आणि डावी कड पूर्ण रिकामी होती. इतकी रिकामी की आज बघताना मी लॅपटॉपसमोर मोठ्याने ओरडलो. तिथे पळून येणारं कोणीच नव्हतं. मी तिघांवरून टाकला. गेला नाही.

साथ दिली नाही हे खरंच होतं. ती का दिली नाही हेही त्याच व्हिडिओत होतं.

त्या फॉरवर्डने कॉलेजनंतर खेळ सोडला. तो नागपुरातच आहे, बेसा रोडला राहतो. आमचं भांडण कधीच नव्हतं, फक्त भेटणं राहून गेलं होतं. मी फोन केला आणि आम्ही एका सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर भेटलो. इकडचं-तिकडचं झाल्यावर मी मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. त्याने शांतपणे बघितला.

"काय पाहून राह्यला बे हे जुनं?"

मी म्हटलं, "तू इथे उभा का राहिलास?"

तो हसला. "पळून काय करू? तू पाहूनच नव्हता राह्यला ना."

"एखादा पास दिला असता तर..."

"पासचं नाही रे. दिला असता तरी मी कदाचित चुकवला असता. पण तू इकडं पाह्यलं असतं तर मी पळलो असतो." मग पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला, "नंतर मला वाटलं आपल्याला काही जमत नाही. म्हणून सोडलं."

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्यामुळेच मला काही बोलता आलं नाही. एका सामन्याचे चार गुण मी इतकी वर्षं उगाळत बसलो होतो, आणि याचा खेळच गेला होता. माझ्या घरी शोकेसमध्ये दोन कप आहेत, त्यांच्यावर 'बेस्ट स्कोअरर' असं लिहिलंय. त्यांच्यात खोटं काही नाही. आकडे बरोबरच आहेत.

*

मी त्याला रविवारी ये म्हटलं. तो म्हणाला, गुडघे गेले, पोट सुटलं. तरी तिसऱ्या रविवारी आला.

पोरांचे दोन गट केले आणि एक नियम लावला: ड्रिबल बंद. बॉल हातात आला की फक्त पास किंवा शॉट. करीवाला भडकला. "मग मी वर कसा नेऊ?" मी म्हटलं, नेऊ नको, पाठव. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. बॉल कोर्टबाहेर, नालीत, एकदा शेजारच्या काकूंच्या तुळशीवर. मग हळूहळू एक गोष्ट झाली. उभं राहिलं तर बॉल मिळत नाही हे पोरांना कळलं आणि ती पळायला लागली. करीवाल्याला कोणी तरी रिंगखाली मोकळा दिसला, त्याने डोक्यावरून बॉल फेकला, ते बास्केट झालं. स्वतःच्या थ्रीवर नाचतो तितका तो नाचला नाही. पण पुढच्या वेळी बॉल हातात येण्याआधीच त्याने मान वळवून बघितलं. मला तेवढं पुरे होतं.

नंतर आम्ही मोठे खेळलो. बॉल माझ्याकडे होता. मी उजवीकडून घुसलो, दोघं अंगावर आले. न बघताही मला माहीत होतं की डावी कड रिकामी आहे, पण या वेळी बघितलं. तो पळत येत होता. पोट सांभाळत, धापा टाकत, डावा हात वर करून. मी पास दिला. एकदम त्याच्या हातात, रिंगपासून दोन पावलांवर.

त्याने सोपा लेअप चुकवला.

बॉल उसळून बाहेर गेला, पोरं हसली, कोणाच्याच नावावर काही लागलं नाही. तो गुडघ्यांवर हात टेकून दोन श्वास थांबला, मग मागे पळता पळता माझ्याकडे बघून ओरडला, "अजून एक दे बे!"